मंजुरीआधी उगवलेलं गवत

सुखदेव, तुझी खाकी पँट काल चुलीत गेली.

पंचफुला आडवी आली. "बाई, एवढी एक तरी राहू द्या. त्यायच्या अंगावरची हाये," म्हणाली आणि पँट छातीशी धरून बसली. तुझी बायको ती, मी बहीण, तिचा हक्क माझ्याहून मोठा, मी काय बोलणार? मी फक्त पँटच्या खालच्या मुडपी उलटल्या आणि तिच्या तळहातावर झाडल्या. जिऱ्याहून बारीक, काळं बी पडलं. चिमूटभरच होतं, पण त्या बियाची चिमूट म्हणजे काय हे या घरात कोणाला सांगायला नको. मग तिनंच उठून पँट चुलीत सारली आणि राखेनं हात घासघासून धुतले. धूर डोळ्यांत गेला असं आम्ही दोघींनी मायला सांगितलं. माय काही खुळी नाही. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसली.

लोक बसायला येतात. रोज कोणी ना कोणी असतंच. "सायेब म्हणजे देवमाणूस होते," म्हणतात. देवमाणूस म्हणे! एक नंबरचा हट्टी होतास. जेवताना कोणाशी वाद घालायला मिळाला नाही तर तुला भाकर गोड लागत नव्हती. कृषी विस्तार अधिकारी झालास, अंगावर सरकारी शर्ट चढला, तरी घरात पाय ठेवला की पहिला शब्द हाच, "बाई, तू चूक हायेस." कशात चूक ते नंतर ठरायचं. आता घर इतकं गप्प झालंय की मी शाळेतून आल्यावर उगीच भांडी आपटते.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, तुलाही कधी तोंडानं म्हटली नाही. नवरा गेल्यावर मी पांढऱ्या कपाळानं माहेरी आले, तेव्हा सगळे म्हणाले, बिचारी. तू एकटा म्हणालास, "बिचारी कावून? हिचं डोकं गेलं काय नवऱ्यासंगं?" आणि मला मास्तरकीच्या ट्रेनिंगला नेऊन बसवलंस. मी तुझ्याहून मोठी, पण हात धरून नेलंस तू. नंतर शाळा दूरच्या गावाला मिळाली तेव्हा ऑफिसची सायकल आणून गावाबाहेरच्या माळावर मला शिकवलीस. नऊवारी नेसलेली बाई सायकलवर! गावानं टाळ्या पिटल्या. तू मागून सीट धरून पळत होतास आणि ओरडत होतास, "लोकायकडे काय पाह्यतं? पुढं पाह्य!" माझी नोकरी, माझं ताठ चालणं, सगळं त्या माळावरचं आहे. बरं झालं हे तू जिवंत असताना म्हटलं नाही. डोक्यावर बसला असतास.

ते गवत तू पहिल्यांदा घरी आणलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. श्रावण होता. रेशनच्या गव्हाचं गोदाम आहे ना बाजाराच्या टोकाला, त्याच्या मागं झाडलोट टाकायची जागा. परदेशातून आलेला गहू तिथे यायचा, पोती झाडली की कचरा मागच्या अंगाला. तिथून एक रोप उपटून तू ते ओट्यावर मायपुढे ठेवलंस. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. दिसायला गोड. माय जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेलेली. हरळी, कुंदा, लव्हाळा, तरोटा, तिच्या ओळखीचं नाही असं गवत नव्हतं. तिनं ते उलटसुलट केलं, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, "बाप्पा, हे तं आपल्या इकडचं नाईच." तू म्हणालास, "नाई ना माय. पाहुणा हाये." मी म्हटलं, "पाहुणा असला तर जाईल आपोआप." तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी वर्गातल्या मठ्ठ पोराकडे बघते.

"हा जाणारा पाहुणा नाई, बाई. एका झाडाले बी किती पाह्य. गुरं तोंड लावून राहिली नाई. आता एवढीशीच जागा हाये, पोळ्याच्या मैदानाएवढीबी नाई. फुलं पिकायच्या आत उपटून जाळलं तं खेळ खतम. पंधरवडाभर मजूर लागतीन फक्त."

पंधरवडाभर मजूर. सुखदेव, एवढंच मागत होतास तू. आज तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यानं जाताना मला तेच शब्द ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात गेलास आणि संध्याकाळी परत आलास तो साहेबांची नक्कल करत. तुला नकला छान जमायच्या. मायचा चष्मा नाकावर घेतलास, मान मागे टाकलीस आणि म्हणालास, "मिस्टर तायडे, हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचं?" पंचफुलानं विचारलं, शीर्ष म्हणजे काय. तू सांगितलंस, सरकारी पैसा ज्या नावाखाली येतो त्याच नावाखाली खर्चावा लागतो, त्या नावाला म्हणतात शीर्ष. टोळधाडीला शीर्ष आहे. उंदरांना आहे. कपाशीवरच्या किडीला आहे, तिच्यासाठी फवारे आहेत, जीपला पेट्रोल आहे. गवताला नाही. गवत काढणं म्हणजे निंदण, आणि निंदण ज्याच्या त्याच्या वावरात ज्यानं त्यानं करायचं. "पण सायेब, गोदामामागची जागा कोणाचं वावर हाये?" असं तू विचारलंस. जागा पुरवठावाल्यांची, पलीकडचा रस्ता बांधकामवाल्यांचा, नाल्याचा काठ तहसीलीचा. सगळ्यांकडे गेलास. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि दुसऱ्याचं दार दाखवलं. वाईट कोणीच नव्हतं, हेच तर मला खुपतं. एखादा हरामखोर निघाला असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते.

पंचायत समितीचे सभापती तर तुझ्यावर जीव टाकत. पिकलेल्या मिशांचा, शंभर भानगडींत पाय असलेला माणूस, पण तुला बाजूला बसवून म्हणाले, "तायडे, मी सभेत विषय घेतो. पण पाह्य, मेंबर हासतीन. लोक विहिरी मागून राहिले, शाळेले खोल्या मागून राहिले, अन् आपण गवतासाठी पैसे मागाचे?" घेतला विषय, आणि मेंबर हसले. कोणीतरी म्हणालं म्हणे, गवत वाढलं तर चांगलंच आहे, गुरं खातील. "खात नाईत," तू उभं राहून सांगितलंस. तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात गवत रस्ता ओलांडून नाल्याच्या काठानं बाजारापर्यंत आलं.

इथून पुढे आपलं भांडण, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू मेलास म्हणून मी माघार घेणार नाही, आधीच सांगते.

तू एक दिवस उड्या मारत आलास. "बाई, सापडलं! कंपोस्टाच्या खड्ड्यायले पैसे हायेत. लय हायेत, खर्चतच नाईत. खड्डा खंदाचे पैसे हायेत, भराचे हायेत. भराले काय लागते? काडीकचरा, शेण, अन् हिरवं गवत." मला काही कळेना. तू मायच्या पाटावर खडूनं चित्र काढून समजावलंस. मजूर लावायचे खड्डे भरण्यासाठी, आणि भरायचं ते गाजरगवत. गवतही जाईल, खतही होईल, कागदावर सगळं सरळ. तुझा चेहरा इतका उजळला होता की तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आपल्या घराण्यात नाही.

मी म्हटलं, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फुलं आलेलं गवत तू खड्ड्यात घालणार?"

"खड्डा तापते, बाई. बरोबर भरला, दोनदा पलटला, पुरता कुजू देला तं आतल्या गर्मीनं बी मरते."

"आणि पलटायला पैसे आहेत?"

तू खडू खाली ठेवलास. "पलटाचे नाईत. पलटणं लोकायनं श्रमदानातून कराचं."

"मग करू नको. सरळ पैसा देत नाहीत तर वाकडं काम करू नको. सरकारलाच म्हण, गवताला पैसे द्या."

"सरकार देईन तोवर गवत अकोल्याले पोचते. घर जळून राह्यलं अन् तू म्हणतं, आधी विहिरीचा अर्ज कर!"

बरोबर होतं तुझं. माझंही बरोबर होतं. त्या दिवशी तू न जेवता उठलास, पंचफुलानं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि पाटावरचं तुझं चित्र मायनं ओल्या फडक्यानं पुसलं.

काम मात्र तू झपाट्यानं केलंस. आपल्या वस्तीतल्या बाया सगळ्यात आधी आल्या, कौतिका सगळ्यांच्या पुढे. ती तर नाचतच आली, "सुखदेवभाऊचं काम, मंग काय पाह्याचं!" गोदामामागची जागा, रस्त्याची कड, नाल्याचा काठ, सगळं भुईसपाट. गावोगावच्या खड्ड्यांत बैलबंड्या भरभरून गवत पडलं. दिवाळीनंतर तालुक्याला कंपोस्टाची ढाल मिळाली. सभापतींच्या हातात ढाल, त्यांच्या खांद्यामागे तू, हार घातलेला. तो फोटो आपल्या भिंतीवर तूच लावलास आणि पुढच्या वर्षी तूच काढलास.

कारण खड्डे पलटायला कोण येतो? ढाल मिळाली, भाषणं झाली, श्रमदानाचा उत्साह ढालीबरोबर कपाटात गेला. तू गावोगाव सायकल हाणत हिंडलास, "पलटा रे बावाहो, अजून दोनदा पलटा." आपल्याकडची रीत तुला ठाऊक होती, तरी आशा धरलीस. वैशाखात वावर तयार झालं की उकंडा उपसायचा, कुजलेलं असो नसो. पेरणी कोणासाठी थांबत नाही. बंड्या लागल्या, आणि खड्ड्यातलं अर्धकच्चं खत तालुक्यातल्या प्रत्येक वावरात जाऊन पडलं. जे गवत पोळ्याच्या मैदानात मावलं असतं, ते बंडीत बसून, सरकारी खर्चानं, घरोघर पोचलं. आषाढात कपाशीच्या पराट्यांच्या दोन ओळींमध्ये गाजराचा पाला दिसायला लागला.

शेतकरी ऑफिसवर आले. आरडाओरडा झाला. "सायेब, तुमच्या खतातून हे काय उगोलं?" तू कोणावर ढकललं असतंस तर ढकलता आलं असतं. वर मंजुरी देणारे होते, शीर्ष नसणारे होते, खड्डा न पलटणारे तर समोरच उभे होते. तू हात जोडून म्हणालास, "माहीच चूक." मला ते अजिबात आवडलं नाही. तुझी एकट्याची चूक कशी? मी घरी तुला म्हटलंही, "सगळ्यांचं ओझं उचलायला तू काय हमाल आहेस?" तू म्हणालास, "बाई, तूच तं सांगतलं होतं फुलाचं." टोमणा नव्हता त्यात. सरळ सांगत होतास.

त्यानंतर तुझे रविवार गेले. वावरांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं हिंडून उपटायचं, फुलायच्या आत, वाळवून जाळायचं. कौतिका आणि बाया काही दिवस आल्या. मग एकेकीच्या हातांवर लाल चट्टे उठले. कौतिका आपल्या ओट्यावर बसून मनगटं खाजवत म्हणाली, "मास्तरीणबाई, हे गवत नाई, हे कुयली हाये. भाकर थापाले गेली का आग होते." तू हातमोजे मागितलेस ऑफिसात. हातमोज्यांना शीर्ष नव्हतं हे सांगायला नको. मग तूच त्यांना म्हणालास, "तुमी नका येऊ आता." आणि एकटा जायला लागलास. मायनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या तुझ्या हातांना गुंडाळून दिल्या. संध्याकाळी परत आलास की ती कडुनिंबाचा पाला उकळून ठेवायची, अंगणात पाट टाकून तुझ्या हातांवर ओतायची. तू लहान पोरासारखा हात पुढे करून बसायचास आणि तरी तोंड चालूच. "माय, त्या शिंदीच्या बांधावरचं साफ केलं आज."

आधी हात, मग मान, मग चेहरा. ऊन लागलं की आग. कातडी जाड झाली, भेगाळली, डोळ्यांच्या पापण्या सुजून बारीक फटी राहिल्या. कानांच्या पाळ्या फुगल्या. शाळेच्या पोरांनी तुला पाहिलं की ती माझ्या मागे लपायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळं बघून सांगितलं, मलमं देतो, पण हे गवत जिथे आहे तिथे राहू नका. बदली मागा.

आणि लोक काय म्हणाले? महारोग. तुझ्या माघारी आधी, मग तोंडावर. तू मला ते हसत हसत सांगितलंस, म्हणून मला जास्त लागलं. स्टँडवरच्या हॉटेलात तू रोज चहा प्यायचास. छप्पनच्या दसऱ्याला माय, तू, मी पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्याच्याही पुष्कळ नंतर तिथे तुला सगळ्यांसारखा कप मिळायला लागला होता. पहिल्या दिवशी घरी येऊन मायला किती थाटानं सांगितलं होतंस, "माय, बशीसकट!" आता त्या हॉटेलवाल्यानं तुझा कप पुन्हा वेगळा ठेवला. बाहेर, खिडकीच्या दगडावर. "कारण नवीन हाये, बाई," तू म्हणालास, "कप मात्र तोच हाये वाटते, जुना." आणि सुजलेल्या तोंडानं हसलास. मी त्या रात्री जेवले नाही. सायकल काढून हॉटेलवाल्याच्या तोंडावर त्याचा कप फोडायला निघाले होते. तू दारात आडवा झालास.

बदलीसाठी मी तुझ्या मागे हात धुऊन लागले. चांदूर बाजारला जागा होती, पंचफुलाचं माहेर जवळ, तिकडे हे गवत अजून पोचलं नव्हतं. अर्ज मी लिहिला. तू सही केली नाहीस.

"मी गेल्यावर हे कोण उपडन?"

"कोणी नाही उपटणार! तुझ्या एकट्यानं उपटून संपणार आहे का? आभाळ फाटलंय रे, सुखदेव."

"पुढच्या सालापासून पैसे येतीन. सभापतीनं सांगतलं. वरून आदेश निघून राहिला. तोवर फुलू देलं तं मंग पैसे येऊन फायदा काय?"

तोवर. तुझं सगळं आयुष्य त्या 'तोवर'मध्ये गेलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक हसून म्हणतात. तू त्या थांबण्याच्या काळात एकटा उभा राहिलास, हाताला लुगड्याच्या चिंध्या बांधून. मला तुझा अभिमान वाटत होता की तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही वाटत होतं. पंचफुला तर तेव्हा कोणाशी बोलायचीच बंद झाली होती.

भेगांतून पू धरला, ताप चढला, विष रक्तात गेलं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्यांनी केलं ते मनापासून केलं. सकाळचं ऊन खाटेवर आलं तसं मी खिडकीला लुगडं बांधलं, उन्हाचा तुला त्रास. तुझे हात बोटांपर्यंत पट्ट्यांत. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "बाई, तो खड्डा..." मी म्हटलं, "पड गुमान. खड्ड्याचं घरी गेल्यावर बोलू." तू गप्प झालास. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, आणि तेही तेव्हाच ऐकायचं होतं तुला?

काय सांगणार होतास रे? खड्डा चूक होता, हे? की आणखी दोनदा पलटला असता तर जमलं असतं, हे? मी तुला ओळखते, दुसरंच असणार. मी रोज दोन्ही बाजूंनी भांडते. शाळेत पोरं बाराखडी म्हणत असतात आणि माझ्या डोक्यात तू पाटावर खड्डा काढत असतोस.

परवा पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले होते, वंदना झाली, वस्तीचं जेवण झालं. आणि काल तुझ्या ऑफिसनं शोकसभा ठेवली. मायला नेलं नाही. पंचफुला येईना. मी गेले. सभागृहात टेबलावर तुझा फोटो, तोच, ढालीच्या दिवसाचा, त्यातून तुला एकट्याला कापून मोठा केलेला. खांद्यावर सभापतींच्या हाताची दोन बोटं राहून गेली होती. सभापती बोलायला उभे राहिले आणि खरंच रडले. नाटक नव्हतं, मी ओळखते. मग डोळे पुसून म्हणाले, "तायड्यायची तळमळ वाया गेली नाई. आदेश आला. या गवतासाठी सरकारनं पैसा मंजूर केला हाये. मार्चच्या आत खर्चाचा हाये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, पण वाजवल्या. बैल गेला आणि झोपा केला. तरी मला, खोटं कशाला सांगू, एक क्षण बरं वाटलं. तुला सांगायला घरी पळावंसं वाटलं.

सभापती पुढे म्हणाले, "उपटलेलं गवत फेकाचं नाई. त्याचं कंपोस्ट कराचं, असंबी आदेशात हाये. म्हंजे एका दगडात दोन पक्षी!"

मी आजूबाजूला बघितलं. शेतकरी मेंबर बसले होते, ज्यांच्या वावरात बंडीतून ते गवत गेलं ते. एकदोघांनी मान डोलावली. तेवढ्यात शिपायानं ऑफिसच्या वतीनं पुष्पचक्र आणलं. बांबूच्या कामटीचं गोल कडं, त्याला झेंडू, आणि झेंडूच्या मध्ये मध्ये दाट भरलेली बारीक पांढरी फुलं. सभापतींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तुझ्या फोटोला लावलं. तुझ्या छातीवर, सुखदेव.

मी उठले. सगळ्यांना वाटलं, बहीण दोन शब्द बोलणार. मी फोटोजवळ गेले, पुष्पचक्र उचललं आणि शिपायाला विचारलं, "ही पांढरी फुलं कुठली रे?"

तो बिचारा खूश झाला. "आपल्या आफिसाच्या मांगं लय फुललं हाये, बाई. झेंडू कमी पडला, मंग तेच खोसलं. दिसते ना चांगलं?"

फुलं पिकली होती. मी उचललं तेवढ्या हालचालीनं टेबलावर काळं बी सांडलं. मी पदरानं टेबल पुसलं, पदर गुंडाळून धरला, आणि पुष्पचक्र घेऊन बाहेर अंगणात गेले. शिपायाकडून काडेपेटी घेतली. ओलं होतं, पेटेना. कोणीतरी कंदील आणला होता का, कोणी रॉकेल दिलं, मला काही आठवत नाही. पेटलं एवढं आठवतं. मागे लोक म्हणत होते, "दुःखानं डोक्यावर परिणाम झाला बाईच्या." कोणी म्हणालं, भावाच्या श्रद्धांजलीला आग लावली. सभापती म्हणाले, "बाईले घरी पोचवा रे." कोणीही हे विचारलं नाही की ही काडी कोणत्या शीर्षाखाली ओढली.

खड्ड्याबद्दल मी अजून तेच म्हणते जे तेव्हा म्हणत होते. पण मंजुरी नसताना, हाताला येईल त्यानं, आत्ताच्या आत्ता करून टाकायचं, हे तुझं मी काल पहिल्यांदा केलं. इतकं सोपं असतं ते? मला वाटलं होतं तुला फार विचार करावा लागत असेल.

शिपाई शेजारी येऊन उभा राहिला, घाबरून. मी त्याला म्हटलं, "हात धू, बाबा. साबणानं धू, मनगटापर्यंत. डोळ्याला लावू नको."

सायकलवरून घरी आले. सभेला नेसलेलं लुगडं सोडलं, पदर फाडून चुलीत, आणि त्याच्या मागोमाग तुझी पँट. ती आधीच घालायची होती, मीच टाळत होते. मग अंगणात येऊन बसले. मनगटांच्या आतल्या बाजूला, जिथे पुष्पचक्र धरलं होतं, तिथे बारीक लाल पुरळ आलं होतं. मी खाजवत होते, मला कळलंही नाही.

मायनं ते बघितलं. ती आत गेली. पाला उकळायचं पातेलं तुझ्यानंतर तिनं उपडं घालून ठेवलं होतं. ते सरळ करताना आवाज झाला. पाणी उकळलं, निवलं, तिनं आणलं, पाट टाकला, आणि माझे हात धरून त्यावर ओतायला लागली, जसं तुझ्या हातांवर ओतायची तसं.

"आता तू बी?" म्हणाली.

मी हात तसेच पुढे करून बसले.